नाल्याच्या पाण्यातलं जनुक

अश्विनदादा,

आईच्या रक्तातल्या जिवाणूंवर एकही औषध चाललं नाही, तेव्हा तू म्हणालास, "तू लॅबमध्ये काम करतं ना, मग काऊन काई करता येत नाई तुले?" तेव्हापासून आपण बोललो नाही.

काल दवाखान्यामागच्या नाल्याचं पाणी तपासून झालं. कुणालाही आजारी न पाडणाऱ्या साध्या जिवाणूंत आईच्या जिवाणूंतलं तेच जनुक निघालं. औषध निकामी करायची ती विद्या, जात वेगळी असूनही, एकानं दुसऱ्याला नुसतं चिकटून देऊन टाकली होती. मी थक्क होऊन जिवाणू वाढवलेली प्लेट उजेडात धरून उभीच राहिले.

"काय पाहून राह्यली, पोरी?" लॅब झाडायला आलेल्या अन्नपूर्णाबाईंनी विचारलं. "जिवाणू," मी म्हटलं. ज्यांनी आई नेली, त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटत होते.

दादा, आईच्या पहिल्या तापात दुकानातून अँटिबायोटिकच्या गोळ्या मीच आणल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं, म्हणून मीच बंद केल्या. त्यानंच ती गेली, असं कुणी म्हणू शकत नाही. त्यानं गेली नाही, असंही म्हणता येत नाही.

तुझ्या मुलीला डॉक्टरांनी तसल्याच पाच दिवसांच्या गोळ्या दिल्यात, असं वहिनी म्हणाली. त्या पूर्ण दे, एवढं आज फोन करून सांगते. बाकीचं न पाठवता या कागदावरच राहू दे.

तुझी,
दीपमाला