पिवळ्या ड्रेसवाली सून

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. वहिनीची पाठ आता कशी आहे? तुझं पित्त शांत असेल अशी आशा करते आणि नसेल तर या पत्राने ते आणखी खवळावं अशी इच्छा करते. आम्ही सगळे शरीराने ठीक आहोत. फोनच केला असता, पण फोनवर तू "हो का, हो का" करत टीव्ही बघत बसतोस आणि आज मला मधे कुणी बोललेलं चालणार नाही.

"एकदा त्या सिनेमाच्या बागेत जाऊन याच, सगळ्यांना घेऊन जा, सासूबाईंनाही ने, घरातलं वातावरण जरा मोकळं होईल," असं तू म्हणाला होतास. म्हणून गेलो. आता ऐक.

फाटकावरच आमचे डबे काढून घेतले. पहाटे उठून केलेले! आतलं खाणं आतच विकत घ्यायचं म्हणे. मी रखवालदाराशी भांडत होते तेव्हा आमचे हे (तुला माहीत आहेच, दुकानात लोकांचे डोळे तपासून तपासून यांना घरातलं काही दिसेनासं झालंय) शेजारच्या पुठ्ठ्याच्या राक्षसासोबत फोटो काढून घेत होते. आत गेल्यावर जो तो आपापली वस्तू माझ्या हातात देऊन मोकळा. थोरलीचा स्वेटर, धाकट्याची पाण्याची बंदूक, यांची टोपी, सासूबाईंची औषधाची पिशवी. पाळण्यात बसायचं तर सामान नेता येत नाही आणि सामान ठेवायला तर मी आहेच. दादा, मी त्या बागेत एकाही पाळण्यात बसले नाही. लोक वर किंचाळत होते, मी खाली.

धाकट्याच्या हट्टापायी भुतांच्या हवेलीत शिरलो. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. आत काळोख, धूर, कुठूनतरी रडण्याचे आवाज. अचानक एक पांढरं भूत यांच्या कानाशी येऊन ओरडलं आणि यांनी (ज्यांनी आयुष्यात झुरळ मारलेलं नाही) त्याला खाडकन थोबाडीत ठेवून दिली. भूत कळवळून म्हणालं, "साहेब, माझी लेन्स पडली!" झालं. यांच्यातला चष्मेवाला जागा झाला. "कुणी हलू नका!" म्हणून हे जे ओरडले, त्यापुढे मघाचं भूत काहीच नव्हतं. मग हे आणि भूत शेजारी शेजारी गुडघ्यांवर, जमीन चाचपतायत. मागे रांग तुंबली. शेवटी कुणीतरी दिवे लावले, तर हवेली सगळी प्लायवूडची, आणि कोपऱ्यात दोन चेटकिणी बिस्किटं खात बसलेल्या. धाकट्याने त्यांना बघून जे भोकाड पसरलं, ते भीतीने पसरलं असतं तर परवडलं असतं. "सगळं खोटं आहे!" म्हणत तो बाहेरपर्यंत रडला. लेन्स सापडली ती माझ्या चपलेखाली. मी पाय उचलला आणि दुसरीकडे बघितलं.

पण हे काहीच नाही. खरा संताप पुढे आहे.

शेवटी एक शूटिंगचा मंडप होता. एक दिवाणखाना, त्याला तीनच भिंती, समोर कॅमेरा आणि प्रेक्षकांना बसायला पायऱ्या. भोंगा हातात घेतलेला एक दिग्दर्शक विचारत होता, "खाष्ट सासू कोण होणार?" आणि आमच्या सासूबाईंनी, ज्या दिवसभर "मी आपली बाकावर बसते" म्हणत होत्या, त्यांनी हात वर केला! चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि चढल्या वर. "आणि सून?" दिग्दर्शकाने विचारलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हातांतलं सामान दाखवलं. मग त्याने पायऱ्यांवरची एक पिवळ्या ड्रेसमधली बाई निवडली. नाजूक, केस मोकळे, हातात काहीही नाही.

सासूबाईंना एकच वाक्य होतं, "चालती हो माझ्या घरातून!" त्यांनी ते असं म्हटलं की जणू पाहुण्यांना पाणी विचारतायत. दिग्दर्शक भोंग्यातून म्हणाला, "आजी, राग! राग आणा!" तर सासूबाई म्हणतात, "मला नाही बाई येत रागावता." (दादा, हे वाक्य परत वाच. मी पायरीवरून पडायची राहिले.) दुसऱ्या वेळी कॅमेरा सुरू झाला. पिवळ्या ड्रेसवाली खोटं रडत दाराकडे निघाली आणि सासूबाईंनी एकदम तिचा हात धरला.

"जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "बस इथे. दवाखान्याच्या काउंटरवर दिवसभर उभी असतेस, घोटे सुजतात तुझे, मला दिसतं. माझ्या आजारपणात रात्रभर उशाशी बसायचीस, मी झोपेचं सोंग घेऊन पडायचे. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. तू आलीस म्हणून हे घर उभं आहे. तुला बरं म्हणायचं राहूनच गेलं बघ."

सगळ्या मंडपात टाळ्या. दिग्दर्शक डोळे पुसतोय, हे चष्मा पुसतायत, पिवळ्या ड्रेसवाली सासूबाईंच्या गळ्यात पडून खरंखुरं रडतेय आणि मी त्यांच्या चपला हातात धरून उभी! अरे, घोटे माझे! सूज माझी! जागरणं माझी! आणि कौतुक कुणाला, तर जिला घरचा पत्तासुद्धा माहीत नाही अशा बाईला! इतकी वर्षं मी त्या शब्दांची वाट पाहिली आणि ते असे भोंग्यासमोर, परक्या माणसाच्या पदरात. रडू येत होतं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी मुद्दाम मीच बसले. म्हटलं, आता तरी बोलतील. बोलल्या खऱ्या. "मुलगी गोड होती हो." मग म्हणाल्या, "बाटलीचं झाकण नीट लावलं नव्हतंस, पिशवी ओली झाली." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. (सोंग होतं की खरी झोप, देव जाणे. मी घर येईपर्यंत खांदा हलवला नाही. अजून अवघडलेला आहे.)

तेव्हा यापुढे मला कुठेही जायचा सल्ला देऊ नकोस. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुला काहीही नाही.

तुझी,
संतापलेली बहीण

ता. क. त्या शूटिंगची फिल्म बाहेरच्या काउंटरवर मिळत होती. हे घेऊ म्हणाले, मी रागाने "काही नको" म्हणाले. तुझं ऑफिस त्याच रस्त्याला आहे. जाऊन घेऊन ये. इथे कुणाला सांगू नकोस.

ता. क. तुझा भाचा सांगतो की असल्या फिल्ममधून माणूस पुसता येतो. पिवळ्या ड्रेसवालीचं काही करता आलं तर बघ.

ता. क. पुसताना सासूबाईंच्या आवाजाला मात्र धक्का लागता कामा नये. चित्र नसलं तरी चालेल.