मागच्या केसांचा प्रश्न

बुऱ्हाणपूर,
लग्नाला सोळा दिवस उरले असता

तीर्थरूप आशावन्संना,

मालतीचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहिणार होते, पण माझं शिर सध्या कुणापुढे वाकवावं अशा स्थितीत नाही (कारण पुढे येईलच), म्हणून या वेळी नुसते हात जोडते. तुमचा गुडघा कसा आहे? चुडामणभाऊजींचा खोकला गेला का? कापसाची वेचणी आटोपली, की अजून मजुरांच्या मागे फिरणं चालूच आहे? इकडे आम्ही मायलेकी ठीक आहोत. ठीक म्हणजे तृप्ती कालपासून माझ्याशी बोलत नाही आणि मी आरशाशी बोलत नाही, बाकी काही तक्रार नाही.

फोन सोडून हिने कागद का काळा केला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन तुमच्या लाडक्या लेकाच्या, जीवनच्या हातात, आणि तो स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही. मागे मी तुम्हाला माझ्या पोटाची तक्रार सांगितली, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या तुकईथडहून तीन जणांनी ओवा पाठवला. आजची गोष्ट डोक्याची आहे. म्हणून भाईदासच्या जीपमधून चिठ्ठी पाठवते आहे, आणि तुमच्याच हातात दे म्हणून त्याला शपथ घातली आहे.

घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे यांच्या तेराव्याला तुम्हीच सांगितलंत आणि ते बरोबरच होतं. म्हणून तर तृप्तीच्या लग्नाची एवढी घाई. कन्यादानाला तुम्ही आणि भाऊजी बसणार हेही तेव्हाच ठरलं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. (त्याच बैठकीत तुम्ही आणखी एक वाक्य बोललात. ते इथे लिहीत नाही. राहवलं नाही तर शेवटी लिहीन.)

आता डोक्याचं. तुम्हाला माहीत आहे, बावीस वर्षं माझे केस तुमचे भाऊच रंगवायचे. स्वतःच्या डोक्यावर पस्तिशीतच काही उरलं नव्हतं, त्यामुळे सगळं लक्ष माझ्या डोक्यात. शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, तो रंग काय साधासुधा लावणार? दर पाचव्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी, अंगाला सोसतो का बघायला, कानामागे रंगाचा एक ठिपका. रविवारी सकाळी बॅटरी घेऊन कानामागची तपासणी. "लाली नाही, खाज नाही, पास." मग त्यांचाच जुना सदरा माझ्या अंगात, काचेच्या वाटीत मोजून कालवलेला रंग, आणि मी मोरीपाशी पाटावर. बावीस वर्षांत एकदाही काही उठलं नाही, तरी एकदाही ठिपका चुकला नाही. मी म्हणायची, अहो, तेच डोकं, तीच पुडी. ते म्हणायचे, प्रयोग दर वेळी नवा असतो. एवढं शास्त्र करून शेवटी डाव्या कानाला रंग फासायचेच. डावखुरा माणूस, मागे उभा राहून ब्रश चालवायचा, तो कानावर यायचाच. घरातल्या एकूण एक लग्नाच्या फोटोत माझा डावा कान काळा आहे. तुम्हीच हसायच्या की मालतीला कुठेही शोधायचं तर कान बघावा. मी दर वेळी भांडले. दोन-दोन दिवस लिंबाची फोड घेऊन कान घासला. आता लिंबं नुसती सुकतात.

ते गेल्यावर मी रंग लावला नाही. कुणी लावू नको म्हटलं म्हणून नव्हे (म्हटलं होतं, पण ते शेवटी), हातच गेला नाही. अकरा महिन्यांत वर पांढरं आलं, वितीला थोडं कमी, आणि खाली कंबरेपर्यंत काळं. मध्ये सरळ रेघ. पोळपाटावर आखल्यासारखी.

मला त्या रेघेचं काही वाटत नव्हतं. तृप्तीला वाटलं. साखरपुड्याचे फोटो आले आणि पोरगी ते बघता बघता रडायला लागली. म्हणाली, "मम्मी, पप्पा तर लग्नाच्या फोटोत नसतीलच ना. तू तरी मम्मीसारखी दिस." वन्सं, मला तिथेच लाज वाटली. मी आपली माझ्या दुःखात, आणि ही पोर आईसुद्धा शोधते आहे. त्याच दिवशी ठरवलं की लग्नात नीट दिसायचं.

पहिला प्रयोग केळ्याचा. मोबाइलवर एक बाई सांगत होती की रंग लावण्याआधी एक पिकलं केळं कुस्करून केसांना लावावं, केस मऊ होतात. एक केळं! आपल्याकडे एक केळं कुणी बघितलंय का? तुम्ही भाईदासबरोबर पाठवलेली केळी सगळी एकदमच पिकायला बसली होती, त्यातली सात मी डोक्यावर घातली. वाया जाण्यापेक्षा बरं. ती बाई एक गोष्ट सांगायची विसरली, किंवा मी तेवढ्यात दूध उतरवायला उठले होते, की केळं गाळून घ्यायचं असतं. वाळल्यावर ते केसांत असं धरलं की तीन बादल्या पाणी गेलं तरी हटेना. पुढे तीन दिवस माझ्या अंबाड्यातून केळी झडत होती. रात्रभर उशीवर मुंग्यांची ये-जा. मालूबाई शेजारीण हळद निवडायला आली तर म्हणाली, घरात शिरा केला वाटतं. मी हो म्हटलं.

दुसरा प्रयोग रंगाचा, आणि इथेच सगळं बिघडलं. शुक्रवारी रीतसर कानामागे ठिपका लावला. रविवारी बॅटरी घेतली आणि लक्षात आलं की आपला कानामागचा भाग आपल्याला दिसत नाही. मोबाइलने फोटो काढले, चाळीसेक निघाले, त्यातले अडतीस भिंतीचे आणि दोन पंख्याचे. तृप्ती रविवार असूनही कामावर गेलेली. शेवटी मीच मोठ्याने म्हटलं, पास. घरात कुणी नसताना ते फार विचित्र ऐकू आलं. थोडा वेळ बॅटरी तशीच जळत राहिली, मी बंद करायची विसरले.

मग सदरा घातला, रंग कालवला. पुढचे केस छान झाले, कपाळावरचे, कानशिलावरचे. मागे मात्र हात पोचेना. खांदा दुखतो तो एक, आणि दिसत नाही तो दुसरा. आपल्या अंदाजाने फासलं, धुतलं, आरशात बघितलं, पुढून झकास. मागचं कोण बघतं? अंबाडा घातला आणि सोमवारी देवीपुढे पहिली पत्रिका ठेवायला इच्छापुरला निघाले. बसमध्ये मागून एक मुलगा म्हणाला, "दादी, थोडं सरका ना." मी वळून बघितलं तर दचकून म्हणतो, "सॉरी आंटी." देवळाच्या पायऱ्यांवर तेच. मागचे लोक हात धरून चढवायला बघत होते, पुढचे मला रांगेच्या शेवटी पाठवत होते. मालूबाई सोबत होती, तिने शेवटी सांगितलंच. "मालती, मागून तू तुझी सासू दिसते न पुढून तृप्तीची बहीण. बीच में तू कहाँ है?" सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. देवीपुढे पत्रिका ठेवताना मात्र मला नाव वाचता येईना, यांच्या नावाआधी कैलासवासी छापलंय ना, तिथेच डोळे भरले.

तिसरा प्रयोग काल. तृप्तीने शनवाऱ्यातल्या वैशालीच्या पार्लरमध्ये माझं नाव घालून ठेवलं होतं. मुलगी गुणी आहे. तिने अंबाडा सोडला आणि टाळ्याच वाजवल्या. म्हणाली, "काकू, हे तर ओंब्रे आहे! बस उलटं झालं. लोग इसके लिए इंदोर जाते हैं." (ओंब्रे म्हणजे वर एक रंग, खाली दुसरा.) दोन मुली बोलावून त्यांनाही दाखवलं. मग म्हणाली, खालचे केस कोरडे झालेत, आता बॉबची फॅशन आहे, रेघेपासून उडवून टाकू, उरलेल्याला नवा रंग. तिने रेघेवर दोन बोटं धरली आणि कात्री उचलली.

मी उठले. गळ्यात त्यांचं ते प्लास्टिकचं कापड तसंच, केस मोकळे, आणि भर बाजारातून शनवारा दरवाजापर्यंत चालत आले. तृप्तीचे होणारे सासरे (जळगावचे, सभ्य माणूस) नेमके कपड्यांच्या दुकानातून बाहेर पडत होते. त्यांनी नमस्कार केला, मी कापडाच्या आतून हात जोडले. बाहेरून काय दिसलं असेल देव जाणे. ते कापड धुऊन दोरीवर वाळत घातलंय. तृप्तीने कारण विचारलं, मला सांगता आलं नाही, तेव्हापासून अबोला आहे.

तर असं आहे. तुम्ही काळजी करू नका. मी डोक्यावरून पदर घेईन, आता थंडी आहेच. मानाच्या साड्यांची यादी सोबत जोडली आहे, ती तेवढी बघून घ्या. भाऊजींना नमस्कार, जीवनला आशीर्वाद.

तुमची
मालती

ता. क. यादी जीवननेही बघितली तरी चालेल. तुम्ही मात्र या शुक्रवारीच या. लग्नाला येतच आहात हे माहीत आहे, पण शुक्रवारी या आणि रविवारपर्यंत राहा. कानामागे बघायला कुणीतरी हवं. मागचे केसही तुम्हीच रंगवून द्या. मावा जिलेबी मागवून ठेवते.

आणखी एक. तेराव्याला सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, मालती, आता ते काळे केस कुणासाठी? ते मला फार लागलं. अकरा महिने मनात धरून ठेवलं, दिवाळीला तुमच्याशी नीट बोलले नाही ते त्यामुळेच. आता वाटतं, भाऊ गेलेल्या बाईच्या तोंडातून त्या दिवशी काहीही निघू शकतं. पण उत्तर तेव्हा सुचलं नव्हतं, ते आता देते. तृप्तीसाठी. आणि थोडे माझ्यासाठीही.

शेवटचं, आणि हे तृप्तीला कळू देऊ नका. त्या रेघेच्या खाली सगळा त्यांचा हात आहे, म्हणून मला कापवेना. रंग लागला की रेघ जाईल, ते मी सोसेन. पण मानेजवळची एक बट, अंबाड्याखाली झाकेल अशी, तशीच राहू द्या. वाढत वाढत खाली जाईल तेव्हा जाईल.

वैशालीचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, तरी मी तुम्हालाच बोलावते आहे. घरात तुमच्या भावासारख्या डावखुऱ्या आता तुम्हीच. कानाला रंग लागेल. पुसू नका.