माठाजवळचा पारा

बाई, पत्र्याखालच्या वर्गाबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. मी आता शाळांच्या इमारती तपासते. वर्गात किती उकडतं, वारा कुठून येतो, मुलं कधी पेंगायला लागतात, हे मोजते. वर्गात शिरले की आधी पाण्याचा माठ शोधते आणि थर्मामीटर त्याच्यापासून लांब टांगते. सोबतचे लोक याला माझी शिस्त म्हणतात.

लालबागच्या आपल्या शाळेचा सगळ्यात वरचा मजला. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे निघायचे, म्हणून रस्त्याकडच्या खिडक्या बंद ठेवायचा हुकूम होता. वर पत्रा तापलेला. तुम्ही खालची खोली मागितलीत, तर हेडमास्तर म्हणाले, "आकडे दाखवा." तुम्ही घरून थर्मामीटर आणलात आणि मधल्या सुट्टीत पारा वाचून वहीत लिहायचं काम मला दिलंत. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. तुमच्या माठातलं पाणी मी माझ्या हातानं घ्यायचे. खालच्या मजल्यावरचा माठ तिथल्या मास्तरांच्या ताब्यात, आणि ते आमच्या मुलांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. मला खाली जायचं नव्हतं. वर्ग रिकामा झाला की मी थर्मामीटर ओल्या माठाला टेकवायचे, पारा उतरला की आकडा लिहायचे आणि थर्मामीटर परत खिळ्याला अडकवायचे.

एका दुपारी फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता तुम्ही खाली कोसळता. मुली ओरडतात. मी माठातलं पाणी आणून तुमच्या तोंडावर शिंपडते. तुम्ही डोळे उघडून म्हणता, "आधी तू पी गं. तोंड बघ कसं सुकलंय." मी प्यायले.

चार दिवसांनी तुम्ही परत आलात. हेडमास्तरांनी वही चाळली आणि हसले. "वर्ग थंडच आहे बाई. उकडतंय ते तुम्हाला." तुम्ही मला विचारलंत, "पारा नीट वाचलास ना?" मी म्हटलं, "हो बाई." वर्ग वरच राहिला. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजात होते. काही वाटलं नाही. आजही लिहिताना हात बधिर असल्यासारखाच चालतो आहे.

पाठवायला पत्ता नाही, हे निमित्त आहे. तुमचा दादरचा पत्ता माझ्याकडे होता, तेव्हाही मी लिहिलं नाही. तुम्ही पडलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी होती. मधली सुट्टी झाली, आणि मी थर्मामीटर काढून माठाला टेकवला.