सहावं डिझाइन

२ नोव्हेंबर १९९६
शोभा माहेरी. सासऱ्यांचं पोट पुन्हा बिघडलंय. दिवाळीच्या आत येते म्हणाली.
जयंतीभाई सेठना परवा सकाळी साडीच्या सहा डिझाइनचा सेट हवा. पाच तयार. मोठा गुलाब, मधला गुलाब, गुलाबाच्या जागी जास्वंद... पांडेसऱ्याच्या मिलमध्ये पगार घेऊन गुलाब काढायचो. तीन वर्षं झाली सोडून. आता गोडादऱ्यात स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टेबलावर गुलाब काढतो. याला म्हणायचं स्वतंत्र धंदा.

३ नोव्हेंबर
सहावं सुचेना. दुपारी शोभाच्या ट्रंकेतली कागदाची गुंडाळी काढली. नुसती बघायला.
भुईमुगाची ओळ. जमिनीची एक रेघ, वर पानं, रेघेखाली शेंगा. चाळीस झाडं, एकासारखं एक नाही. एकाला कीड, एक उपटून आडवं पडलेलं, एकाला बिचाऱ्याला एकच शेंग. शोभा आईबरोबर निंदायला जायची त्या वावरातली. आई गेल्यावर काढायला घेतली, दोन वर्षं दुपारी थोडी थोडी काढत होती. पांढऱ्या साडीवर हाताने रंगवून स्वतः नेसणार. "ही विकायची नाही हां," असं बजावलेलं.
सासरवाडीच्या किराणा दुकानात फोन आहे, निरोप दिला की बोलावून आणतात. एसटीडी बूथपर्यंत गेलो. रांग नव्हती. तसाच परत आलो.

४ नोव्हेंबर
दिलं.
तिचा कागद छपाईला चालणारा नव्हता. स्क्रीनवर एकच तुकडा पुन्हापुन्हा जुळावा लागतो, चाळीस तऱ्हेची झाडं कोण छापणार? सगळ्यात भरलेलं एक झाड ब्लेडने कापून घेतलं, ट्रेस केलं, त्याचीच ओळ लावली. उरलेल्या कागदावर ब्रश झटकत होतो, हे नंतर लक्षात आलं. कामाच्या नादात, असं लिहिणार होतो. नादात कसलं. कळत होतं.
सेठ हातात धरून म्हणाले, "पाटील, आ साडी छे के फरसाण?" गादीवरचे सगळे हसले. मीही हसलो. सेट पुरा करायचा म्हणून ठेवून घेतलं.

८ नोव्हेंबर
शोभा आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिला टेबलाखालचा कागद दिसला.
माझं भाषण तयार होतं. सेठची घाई, हातातलं काम जाईल, तुझ्यामाझ्यासाठीच ना. ती त्यातलं काहीच विचारेना. ट्रेस हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला आणि म्हणाली, "मी चाळीस काढेल व्हतात. बाकीना कोठे ग्यात?"
मी तिला रिपीट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अर्धा तास! माझ्यासारखा शहाणा मीच. तिने नीट ऐकून घेतलं आणि कुकर लावला. रडली असती तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी १९९७
पाचही गुलाब गोडाऊनमध्ये पडून. शेंगा पळाल्या. लग्नसराईत खानदेशातून, वऱ्हाडातून मागणीवर मागणी. बाजारात नावच पडलंय, सिंगदाणा साडी.
सेठनी पेढा दिला. मग चष्म्यावरून बघत, "पण आ हाथ तमारो नथी. कोनो छे?"
"मेरा ही है, सेठ."
इतकं पटकन तोंडातून गेलं की जणू रोजचंच. पेढा खाल्ला. गोड लागला.
घरी येऊन दारावरची पाटी वाचली. 'शोभा आर्ट्स'. घरची लक्ष्मी म्हणून मीच मोठ्या हौसेने घातलेलं नाव.

१९ मार्च
सेठना त्याच हातचं दुसरं हवं. बाजरीचं कणीस केलं, तूर केली, कापसाचं बोंड केलं. "जान नथी," म्हणून तिन्ही परत. खरं आहे. माझी तूरसुद्धा गुलाबासारखी फुगते.
शोभा शेजारच्या कमलताईंबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम घेते. ब्रशला हात लावत नाही. आज म्हटलं, या तुरीला जरा रंग सुचव ना. "हाताला गोंद आहे," म्हणाली. होताच गोंद. पण धुता येतो.

१८ ऑगस्ट
राखी. तिचा धाकटा भाऊ नाना गावाहून आला. तालुक्याच्या बाजारातून बहिणीला साडी आणली. कागद काढला तर तीच. निळ्यावर पिवळ्या शेंगा.
नाना खुशीत. "अक्का, तुन्हासाठे लयनू. आपला वावरना भुईमूग शे, देख!"
मी मोरीत जाऊन उगाच पाय धुतले. बाहेर आलो तर ती साडी नेसून उभी, निऱ्या काढलेल्या, पदर डोक्यावर. नानाला ओवाळलं. "भारी शे," म्हणाली त्याला. चालताना काठावर ते एकच झाड, पुढे तेच, मागे तेच. नानाला काय माहीत. तिच्याशिवाय माहीत असलेला मी एकटा, आणि मी बासुंदी वाढत होतो.

२ सप्टेंबर
सेठनी स्पष्ट सांगितलं. नवरात्रीआधी तसं दुसरं द्या, नाहीतर रिंग रोडवर कॉम्प्युटरवाल्याकडे जातो. सगळी अंडी एका सेठच्या टोपलीत घातली, दुसरं गिऱ्हाईक कधी शोधलंच नाही. आता परत मिलमध्ये जायचं? चाळिशीत? घेतील तरी का?
शोभाला सगळं सांगितलं. 'मेरा ही है' तेसुद्धा. ती भाकरी थापत होती, थापत राहिली. तव्यावर टाकून मग म्हणाली, "काढते. पण सेठला मी दाखवणार. माझ्या कागदाला ब्लेड लावायचं नाही, हे तिथे मीच सांगणार."
मी लगेच हो म्हटलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय म्हणणार?

२१ सप्टेंबर
झालं. समोरच्या पत्र्यावर चढलेला दोडक्याचा वेल. रिपीट तिनेच जुळवला, टोकाला टोक बरोबर. एका तुकड्यात नऊ दोडके, नऊही वेगळे. एक वाळून खडखडीत, आत बिया. तेव्हा अर्धा तास बडबडलो त्यातलं तिने काय घेतलं ते बघा. असं मला मिलमधल्या अकरा वर्षांत सुचलं नाही. तिला तसं म्हणालो. "बरं," म्हणाली.

२४ सप्टेंबर
मार्केटला गेलो दोघं. लिफ्ट बंद, चार मजले. ती गुंडाळी मला धरू देईना.
सेठ गादीवर, बाहेरगावचे दोन व्यापारी बसलेले. "आवो पाटील. आ कोण?"
सांगायचं ठरलेलं होतं. जिन्यात वाक्य घोकत होतो. हिचाच हात, सेठ. तीन शब्द.
"मारी घरवाली," म्हणालो. "मार्केट बघायला आलीय."
शोभाने माझ्याकडे पाहिलं नाही. सेठनी चहा मागवला, तिने प्यायला, कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि उठली. गुंडाळी उघडलीच नाही. खाली आल्यावर कोथिंबीर घेतली, घासाघीस करून. लाज वाटते, हे लिहूनही भागत नाही.

२६ सप्टेंबर
टिकल्यांचं काम देणारा एक व्यापारी कमलताईंच्या ओळखीचा. त्याला उद्या दोडक्याचं डिझाइन दाखवायला शोभा जाणार. परस्पर ठरलं. मला आज जेवताना कळलं.
"मी येऊ?" विचारलं.
"या की."
मग भाजी वाढता वाढता थांबली. "पण तिथे तुमची ओळख काय म्हणून करून देऊ?"
टोमणा नव्हता. डाव हातात धरून खरंच विचारत होती. मी आणखी भाजी मागितली.
उद्या दहाला निघायचंय.