पुलाखालचं धुकं

प्रिय मालिनीमावशी,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही, तुझ्या मनाला लागेल ते.

आज मत द्यायला हायवेच्या पुलापलीकडे गेले होते. यंदा मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या आणि आमच्या गल्लीचं मतदान केंद्र तिकडच्या, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गेलं. आम्ही इथे अमेरिकेत घर घेतलं तेव्हा तूच बजावलं होतंस, "पुलाखाली शिरलीस की आधी डोअर लॉक कर हं." आजही हात आपोआप बटणावर गेला.

धुकं इतकं दाट होतं, की दोन्हीकडची घरं एकाच स्वप्नातली वाटत होती. बदलल्या त्या फक्त अंगणातल्या निवडणुकीच्या पाट्या. अलीकडे सगळ्या एका पक्षाच्या, पलीकडे सगळ्या दुसऱ्याच्या.

रांगेत तिथल्याच, लॉरेटा नावाच्या कृष्णवर्णीय आजी भेटल्या. त्यांनी मला बळेच स्वतःच्या घडीच्या खुर्चीत बसवलं, सुनेच्या तक्रारी सांगून हसवलं. त्यांचे डॉक्टर आमच्या बाजूला, म्हणून मी राइड दिली. गाडीत त्या छान गुणगुणत होत्या. पूल मागे पडला आणि धुक्यातून आमची गल्ली हळूहळू वर तरंगत आली.

तेव्हा त्यांचं गुणगुणणं थांबलं. खिडकीबाहेर बघत त्यांनी हळूच दार लॉक केलं.

तुझीच,
गिरिजा