बाबांचं माउजर

डेट्रॉइट, ३ ऑक्टोबर १९६६

ती. आयलीताईस,
रेनोचा शि. सा. न.

बाबांची माउजर बंदूक पोचली. टोइवो दाजींनी ती एखाद्या तान्ह्या बाळासारखी गुंडाळून पाठवली होती. हेल्मीने तर चेष्टाच केली, म्हणाली, सासऱ्यांच्या इस्टेटीतून लाकूड-लोखंड तुला आणि बटाट्याचं शेत ताईंना!

माझा छंद तुला माहीतच आहे. लष्कराने मोडीत काढलेली आणि लोकांनी घरी कापून-तासून शिकारीची केलेली बंदूक हातात आली, की ती मुळात कुठली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही तर बाबांनी स्वतः घडवलेली, म्हणून मुद्दाम खोलली. दस्ता बाबांचाच आहे, अक्रोडाचा. आतलं लोखंड मात्र ओळखीचं वाटेना. खाणीत कामाला होते तेव्हापासून बाबा हातच्या प्रत्येक वस्तूवर खालून तीन टिंबं ठोकायचे. इथे एकही नाही. वर दुर्बीण बसवायला पाडलेली भोकंही नवी कोरी दिसतात. दाजींना सहज विचारशील का?

तुझं अक्षर हल्ली फार तिरकं जातं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? बाबांना पोचवायला आलो तेव्हाही तुझा काळा चष्मा होता.

तुझा,
रेनो

हॅनकॉक, ९ ऑक्टोबर

चि. रेनोस,
अनेक आशीर्वाद.

डोळा ठीक आहे. घरातल्यांनी मला म्हातारी ठरवायची घाई करू नये. इथे पहिली हिमाची भुरभुर झाली. सौनाच्या न्हाणीघरातली चूल धूर ओकते, तरी टोइवो चिमणी साफ करायला वर चढत नाही, पाठ धरली म्हणतो.

बंदुकीचं मी त्याला विचारलं. म्हणाला, मिळाली ना, मग झालं. बाबांची वस्तू बाबांच्या मुलाकडे गेली, आता तिचं पोट फाडून काय बघायचंय? भिंतीवर लाव. हेल्मीला सलगमाचं लोणचं पाठवते आहे, बाटली सरळ ठेवायला सांग.

तुझी ताई

डेट्रॉइट, १७ ऑक्टोबर

ताई,
नमस्कार.

लोणचं छान झालंय, पण त्याने तोंड बंद होणार नाही.

बाबांचं माउजर जर्मन होतं. नळीच्या मुळाशी असलेल्या लोखंडी कड्यावरचा गरुडाचा छाप त्यांनी माझ्यासमोर कानसीने घासला होता. मी जवळ उभा राहून शिंकत होतो. या कड्यावरही कुणीतरी कानस चालवली आहे, पण तिरप्या उजेडात धरली की सिंहाची शेपटी दिसते. सिंह म्हणजे ती चेकोस्लोव्हाकियात बनलेली. गरुडाला शेपूट फुटली असेल तर सांग!

दाजी ज्या बंदुकांच्या दुकानात कामाला आहेत तिथे असल्या बंदुका खोक्यांनी येतात. मी शनिवारी त्यांना फोन केला. बाबांचं माउजर कुणाला विकलंत, असं सरळ विचारलं. चोरही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? तुझी पत्रंही मला तुझी वाटत नाहीत. ते मागे उभे राहून सांगतात आणि तू लिहितेस, असं आहे का?

नशीब, लग्नात बाबांनी हेल्मीला दिलेली दुसरी बंदूक माझ्याकडे आहे. तिच्यावरही दुर्बीण बाबांनीच बसवली होती. इतकी वर्षं पेटीत पडून होती. यंदा हेल्मी पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला येतेय, तर तीच घेणार आहे. तिला तरी दाजींचा हात लागलेला नाही.

रेनो

हॅनकॉक, २० ऑक्टोबर

रेनो,

आशीर्वाद नंतर. हेल्मीला त्या बंदुकीला हात लावू देऊ नकोस. तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे तातडीच्या टपालाने पाठवते आहे.

मला मोतीबिंदू झालाच नव्हता. गेल्या नोव्हेंबरात बाबांचे हात थरथरायला लागले, म्हणून मचाणावर त्यांचं माउजर मी घेतलं. पहिल्याच गोळीला ते फुटलं. उजवा डोळा गेला. लिहिताना ओळ सापडत नाही, म्हणून अक्षर तिरकं. मागे कुणीही उभं नसतं.

टोइवोने तुकडे गोळा केले. ते पोलाद फार कडक, त्यात दुर्बिणीसाठी भोक पडेना, म्हणून बाबांनी ते भट्टीत लाल करून मऊ केलं होतं. वर्षानुवर्षं प्रत्येक गोळीला ते ताणलं गेलं आणि माझ्या गालापाशी सुटलं. त्यानंतर बाबांनी हत्याराला हात लावला नाही. टोइवोला म्हणाले, पोराला माझ्या हातांचं फार कौतुक आहे, त्याला कळू देऊ नका. पण त्याला द्याल ती फुटणार नाही अशी द्या. टोइवोने स्वतः चेक बंदूक शोधली आणि बाबांचा तडकलेला दस्ता सांधून तिच्यावर चढवला. हेल्मीच्या बंदुकीवर दुर्बीण आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, रे.

बाबांना दिलेला शब्द मी आज मोडला. टोइवो अजूनही नको म्हणतोय.

आयली

डेट्रॉइट, २३ ऑक्टोबर

ती. टोइवो दाजींस,
सा. न. वि. वि.

ताईचं पत्र आलं तेव्हा हेल्मी ती बंदूक घेऊन नेम जुळवायला नेमबाजीच्या मैदानावर गेली होती. मी गाडी हाणत गेलो. ती गाल दस्त्याला टेकवून बसली होती. मी लांबूनच बोंबललो. आजूबाजूचे लोक हसले आणि लाज आणलीस म्हणून हेल्मीने मला झापलं. तिने अजून गोळी झाडली नव्हती.

घरी येऊन भोकांपाशी कानस लावून पाहिली. धड पोलादावरून ती निसटायला हवी होती. ती लोण्यात सुरी जावी तशी चावली, म्हणजे हीसुद्धा बाबांनी भट्टीत मऊ केलेली.

काल ती बंदूक मी करवतीने कापली. बाबांच्या हातची तेवढीच उरली होती. हेल्मी म्हणाली, कुणाकडून तरी करून घे. पण ते मलाच करायचं होतं.

मी फोनवर जे बोललो ते तुम्ही ऐकून घेतलंत. तुमच्या जागी मी असतो तर समोरच्याचे दात पाडले असते. एका वाक्यात तुम्ही मला गप्प करू शकला असता. तुम्ही बाबांची बाजू सांभाळलीत आणि स्वतः चोर ठरलात.

शुक्रवारी आम्ही दोघं निघतोय. हेल्मी सरळ आत ताईकडे जाईल. मी बाहेर अंगणात थांबेन. तुम्ही बोलावलंत तर आत येईन, नाहीतर चिमणीवर चढून ती साफ करेन आणि परत जाईन.

लोभ मागायला तोंड उरलं नाही. तरी मागतो.

आपला,
रेनो