विहिरीकडच्या चार ओळी

बाबा, विहिरीकडच्या त्या चार ओळी मी मारल्या, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं गोडगोड लिहायचा मोह होणार नाही. रोगानं गेल्या, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मी अजून अकोल्यातच आहे, विद्यापीठाच्या विस्तार विभागात. शेतकऱ्यांच्या वावरात जाऊन त्यांना शहाणपण शिकवायचं, ही माझी नोकरी. लोक ऐकून घेतात, चहा पाजतात, कुणी म्हातारा वाकून नमस्कार करतो, आणि तेवढ्यापुरतं मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आजच का लिहायला बसले ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर हात थांबेल, मी ओळखते स्वतःला.

मी पीएच.डी.ला लागले तेव्हा आपल्या अचलपूरकडच्या सगळ्या संत्र्याच्या बागांत डिंक्या शिरला होता. जमिनीलगत खोडाला चीर पडायची, तिच्यातून डिंक ओघळायचा, साल कुजायची आणि दोन-तीन वर्षांत भरलं झाड वाळून जायचं. इलाज सगळ्यांना ठाऊक होता, कुजकी साल खरवडायची आणि मोरचूद-चुन्याचा बोर्डो मलम लावायचा. पण पावसाळ्याआधी लावायचा की नंतर, एकदा की दोनदा, याबद्दल ज्याचं त्याचं वेगळं. मला ते मोजून दाखवायचं होतं. आणि मोजायचं तर काही झाडांना काहीच लावायचं नाही, त्याशिवाय लावलेल्यांचा फरक कळणार कसा? पाच शेतकरी तयार झाले, सहावे तुम्ही. कोणत्या ओळी मोकळ्या सोडायच्या ते आपण निवडायचं नसतं, म्हणून मी चिठ्ठ्या केल्या. आपल्या स्वयंपाकघरात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती, तुम्ही पाटावर जेवायला बसला होता, आणि मी वाटीत चार चिठ्ठ्या टाकून वाटी तुमच्यापुढं धरली. तुम्ही म्हणालात, "नाल्याकडच्या ओळी घे ना बिनदवाच्या. तशाबी त्या अर्ध्या गेल्याच हायेत." मी म्हटलं, "असं चालत नाही बाबा, चिठ्ठी निघेल ते." तुम्ही हसलात. "घरच्या वावरात बी चिठ्ठी?" घरच्या वावरात तर आधी, असं मी ऐटीत म्हटलं. तेव्हा मी तुमच्याशीही अकोल्यातलं शुद्ध बोलायचे, ते आठवलं की आता थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. तुम्ही डाव्या हातानं चिठ्ठी उचलली. विहिरीकडच्या निघाल्या.

आईचा हात थांबला. ती म्हणाली, "अवं, त्या ओळी तुमी कावडीनं पानी वाहून जगवल्या. विहिरीवर मोटर बी नव्हती तवा." तुम्ही चिठ्ठी परत वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणालात, "तिचं शास्त्र हाय ते. तुले-मले का समजते त्यातलं? वाढ तू." आणि जेवलात. तुम्ही नाही म्हणाला असता तर मी दोन दिवस फुगले असते आणि दुसरा शेतकरी शोधला असता, बस. इतकंच झालं असतं.

पहिलं वर्ष. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आपली बाग दिसते, मलमानं निळसर झालेल्या बुंध्यांच्या ओळीमागून ओळी आणि विहिरीपाशी चार ओळी उघड्या. शेजारच्या वावरातले काका रोज मधल्या बांधावर, धुऱ्यावर येऊन खोडी काढायचे. "काहून भाऊ, मोरचूद सरलं का? पाठवू का घरून?" तुम्ही म्हणायचे, "पोरीची परीक्षा चालू हाय." काका म्हणायचे, "मंग पोरीनं द्यावी ना परीक्षा, झाडाईले काहून बसवलं?" हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं. मोरचूदाची पिशवी कोठीत पडलेली, चुना पडलेला, आणि तुमचे हात नुसते शिवशिवायचे. संध्याकाळी तुम्ही त्या ओळींतून एक फेरी मारून यायचे. मी फोनवर विचारलं तर, "चालू हाय, तू अभ्यास कर."

हंगाम संपला. मी आकडे घेऊन माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. फार सज्जन माणूस, आवाज चढवून बोललेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी सगळी पानं पाहिली आणि म्हणाले, बाकी पाच जणांनी मोकळ्या ओळींना गुपचूप मलम लावलाय, हे तुला कळतंय ना? कळत होतं. कोण बसेल डोळ्यांदेखत झाड मरताना बघत? "खरा प्लॉट एकट्या तुझ्या वडिलांचा आहे," सर म्हणाले, "आणि तिथं फरक इतका स्पष्ट आहे की वेगळं काही सांगायची गरज नाही. दुसरा हंगाम घेतलास तर प्रबंध भक्कम होईल. नाही घेतलास तर जरा हलका होईल, पण बसेल. वडिलांची झाडं आहेत, तू ठरव." मी बाहेर आले, कॅन्टीनला चहा घेतला आणि चहा संपायच्या आत ठरवलं. पुढच्या रविवारी घरी आले तेव्हा तुम्ही अंगणातच विचारलं, "झालं का वं मोजून? आता लावू का?" तुमच्या हातात खरवडायचा चाकू होता. धार लावत होते तुम्ही. मी म्हटलं, "नियम दोन हंगामांचा आहे, बाबा." असा काही नियम नव्हता. म्हणजे होता, पण तो माझ्या हातात होता. त्या वेळी त्या झाडांची निम्मी साल शाबूत होती. निम्मी साल शाबूत असेल तर झाड वाचू शकतं, हे मी आज गावोगाव जाऊन सांगते.

आता तो दिवस, जो लिहायचा म्हणून मी तीन वेळा उठून पाणी पिऊन आले. दुसऱ्या हंगामातली पोळ्याची कर. मी अकोल्याहून अकोट, अंजनगाव करत एसटीनं आले, घरात पिशवी टाकली आणि सरळ शेतात गेले. वही काढली, झाडं मोजायला लागले, आणि तिसऱ्या ओळीत एका बुंध्यावर निळं दिसलं. ओलं होतं. खालची साल नीट खरवडलेली, कडा गुळगुळीत केलेल्या, इतकं सुबक काम आमच्या विभागात कोणाला जमत नव्हतं. तुम्ही धुऱ्यावर काकांशी बोलत उभे. मी तिथूनच ओरडले. "बाबा, तुम्हाला काही कळतं का? एका झाडापायी माझी दोन वर्षं मातीत घालाल. बाकीचे लोक अडाणी, त्यांचं मी समजू शकते." तुम्ही अडाणी नाही असं मला म्हणायचं होतं की आहात असं, हे मला आजही सांगता येत नाही. काकांनी मान फिरवली आणि आपल्या वावरात निघून गेले, जो माणूस कधी तोंड बंद ठेवत नव्हता तो. तुम्ही जवळ आलात. "एकच झाड हाय ना वं माय. पाह्यवलं नाही मले." मी म्हटलं, "पुसा ते."

तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढता, पाटाच्या पाण्यात भिजवता, पिळता, गुडघे टेकून बसता आणि पुसायला लागता. नुसतं वरवर नाही. दुपट्ट्याचा कोपरा बोटाला गुंडाळून चिरेच्या आतून, मुळाच्या बेचक्यातून, सगळं. मी वही धरून उभी आहे. पुसून झाल्यावर तुम्ही विचारता, "पाह्य बरं, राह्यलं का काई?" आणि मी वाकून पाहिलं, बाबा. वाकून, नीट, दोन्ही बाजूंनी. मग म्हटलं, ठीक आहे. आमच्या शास्त्राप्रमाणं ते झाड मोजणीतून गाळायला हवं होतं, मलम एकदा लागला तो लागलाच. मी तेही गाळलं नाही. तुम्ही पुसलंत ते शास्त्राच्या काही कामाचं नव्हतं, आणि झाडाच्याही नव्हतं. जेवताना तुम्ही मला दोनदा तूप वाढलंत.

मरायला टेकलेलं संत्र्याचं झाड शेवटच्या बहाराला वेड्यासारखं फळ धरतं. माझ्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तुम्ही त्या चार ओळींतलीच संत्री पोतं भरून एसटीच्या टपावर टाकून अकोल्याला आणलीत. विभागाच्या व्हरांड्यात पोतं टेकवून उभे होता, टोपी हातात घेऊन. "बारीक हायेत, पन गोड हायेत," असं प्रत्येकाला सांगत होता. परीक्षकांनी खाल्ली, प्राध्यापकांनी खाल्ली, शिपायांनी घरी नेली. तुमची ओळख सगळ्यांना सरांनी करून दिली. मी करून दिली नाही. मी साडीच्या निऱ्या सांभाळत, छान हसत, अभिनंदन घेत फिरत होते. तुम्हाला परतीच्या एसटीला बसवायलाही सरच आले.

पुढचं सगळं पाण्यानं केलं. विहिरीचं पाणी आधी त्या चार ओळींतून जायचं आणि मग पाटानं उरलेल्या बागेत, हे मला माहीत होतं. रोग पाण्याबरोबर जातो हेही माहीत होतं, माझ्या प्रबंधात त्यावर वेगळं प्रकरण आहे. मलम लावलेल्या झाडांनी तरी किती दम धरायचा? चार वर्षांत बाग उपटली. मी आले नाही, कार्यशाळा होती. आईनं फोनवर सांगितलं की झाडं निघत होती तेव्हा तुम्ही तिथंच बसून होता आणि डबा तसाच परत आणलात. नंतर भेटलो तेव्हा तिथं तूर उभी होती. मी काहीतरी पुटपुटले, तर तुम्ही म्हणालात, "तुझं काम झालं ना? मंग झालं." बाबा, तुम्ही असे नव्हता हो. शेजाऱ्यानं नांगर वीतभर धुऱ्यात घातला तर तुम्ही गाव गोळा करायचे. आईच्या भावाशी तुम्ही एका बैलजोडीवरून सहा वर्षं बोलला नाही. मग माझ्या वेळी काय झालं होतं? एकदा शिव्या घालायच्या, हाकलून द्यायचं घरातून. मी रडले असते, सगळं ओकले असते, नियमाचं खोटंही सांगून टाकलं असतं. तुम्ही ती सोय ठेवली नाहीत, आणि याचा मला तुमच्यावर फार राग आहे. गेलात तेही अचानक, छातीत दुखून, मी परतवाड्याला पोचायच्या आत. मी आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि काका मला म्हणाले, "तुझ्या डिगरीचं लय सांगे तो लोकाईले."

माझ्या शिफारशीनं पुष्कळांच्या बागा वाचल्या, हे खरं आहे. व्याख्यानात मी तुमच्या प्लॉटचे फोटो दाखवते आणि म्हणते, एका प्रामाणिक शेतकऱ्यामुळं हे शक्य झालं. नाव सांगत नाही, नातंही सांगत नाही. लोक टाळ्या वाजवतात.

काल माझी विद्यार्थिनी आली होती. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका बागेत तिचा प्रयोग आहे, जवळपास माझ्यासारखाच, औषध तेवढं नवं. पहिला हंगाम संपलाय, फरक स्पष्ट दिसतो. ती बाग एक बाई एकटीनं सांभाळते आणि मोकळ्या ओळींसाठी रोज हिला फोन करते. "मॅडम, ताई म्हणतात, साल निम्मी राहिली, आता तरी लावू द्या. लावू देऊ का?" पोरगी पदराशी चाळा करत उभी होती, नाही म्हणतील म्हणून घाबरलेली. थांबवायला मार्गदर्शकाची एक सही पुरते, मार्गदर्शक मी. आणि माझ्या तोंडून निघालं, "नियम दोन हंगामांचा आहे." ती हो मॅडम म्हणाली आणि गेली.

आज रविवार. सकाळपासून मी स्वतःला समजावते आहे की ते मी प्रबंध पक्का व्हावा म्हणून म्हटलं. नाही, बाबा. वर मी ठणकावून लिहिलं की मी मारल्या, पण इतकी वर्षं मनात एक पळवाट ठेवली होती, की दुसरा हंगाम घेतला नसता तरी त्या कदाचित गेल्याच असत्या. त्या एका कदाचितवर मी जेवले, झोपले, टाळ्या घेतल्या. आता हिला सही दिली आणि त्या बाईची झाडं जगली, तर तुमचीही जगली असती हे कायमचं ठरेल. तेवढ्यासाठी नाही म्हटलं मी. पोरीचा नंबर समोर आहे, दुपारचे तीन वाजून गेले, आणि मी अजून फोन केलेला नाही.